इंदूरच्या काळ्या मातीतली काटक फुलझुडपं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर आणि आसपासच्या माळव्यातल्या घरबागांमधून वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जून आणि ऑगस्टमध्ये त्यांचा पूर येतो. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ देता यावा म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. पूर्ण पान वाचायला वेळ नसेल तर ३ आणि ८ हे दोन प्रश्न तेवढे वाचा. इथली निम्मी झाडं त्याच दोन चुकांनी जातात.

१. काटक म्हणजे नेमकी कोणती झाडं? एकदा लावली की बघायला नको अशी सांगा.

पहिली दोन वर्षं बघायला नको असं एकही झाड नाही. मुळं खोल गेल्यावर मात्र कण्हेर, बोगनवेल, टिकोमा, शंकासुर, तगर, देशी जास्वंद, कुंती, पारिजातक, सावनी, कोरांटी आणि हमेलिया ही झाडं माळव्याचा उन्हाळा आठवड्यातून एकदोनदा पाणी देऊन सहज काढतात. मोगरा आणि रातराणीला थोडं जास्त लक्ष लागतं. एक्झोरा आणि अनंत काटक म्हणून विकले जातात. कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत ते तसे असतीलही, पण आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते नाजूकच समजा (प्रश्न ११).

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. यातली बहुतेक झाडं उन्हाला काटक आहेत, साचलेल्या पाण्याला नाहीत. मे महिन्यातल्या ४२ अंशांनी बोगनवेल मरत नाही, ऑगस्टमध्ये आठ दिवस मुळाशी पाणी उभं राहिलं की मरते. दोन्ही बाजूंनी टिकणारं झाड हवं असेल तर कण्हेर लावा, पण लहान मुलं किंवा गुरं असतील तर आधी प्रश्न १९ वाचा.

२. नर्सरीत मराठी नाव सांगितलं की कोणालाच कळत नाही. काय म्हणून मागायचं?

तगर हवी असेल तर चांदनी मागा. जास्वंद म्हणजे गुडहल, कण्हेर म्हणजे कनेर, पारिजातक म्हणजे हरसिंगार, अनंत म्हणजे गंधराज, कुंती म्हणजे मधुकामिनी आणि पिवळी कोरांटी म्हणजे वज्रदंती. सावनी, मोगरा, टिकोमा यांना दोन्हीकडे तीच नावं. रातराणीला ‘रात की रानी’ म्हणतात. ‘दिन का राजा’ हे तिचंच भावंड, पण वेगळं झाड आहे आणि त्याला रात्रीचा तो वास नसतो.

घोटाळा दोन ठिकाणी होतो. ‘पीली कनेर’ मागितली की बहुतेक वेळा आपली बिट्टी हातात पडते. तिची फुलं घंटेसारखी आणि पानं अरुंद असतात. ती खऱ्या कण्हेरीहून वेगळी. आणि शंकासुराला कोणी गुलेतुरा म्हणतं, कोणी छोटा गुलमोहर. तिथे नावावर न जाता फुलातले लांब, बाहेर आलेले केसर बघून घ्या.

३. माती काळी चिकण आहे म्हणून दोन फूट खड्डा खणून त्यात लाल माती, वाळू, खत भरलं आणि झाड लावलं. पावसाळ्यात गेलं. असं का?

कारण तुम्ही जमिनीत एक बादली पुरलीत. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी आत सोडेनाशी होते. मधल्या खड्ड्यातली भुसभुशीत माती मात्र आजूबाजूचं सगळं पाणी ओढून घेते. ते खाली जात नाही, बाजूलाही जात नाही. मुळं त्यात बुडून गुदमरतात. खड्ड्यातली माती जितकी ‘चांगली’, तितकी बादली मोठी.

इथे झाड खाली न लावता वर लावायचं. साधारण अडीच फूट व्यासाची जागा फक्त एक फूट खोल खणून मोकळी करा. निघालेल्या मातीच्याच तीन घमेल्यांत एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं बारीक मुरूम मिसळा. हे मिश्रण परत भरून आजूबाजूपेक्षा ९ ते १२ इंच उंच, उतरता ढीग करा आणि रोप त्याच्या माथ्यावर लावा. पावसाळ्यात पाणी खोडापासून दूर वाहून जातं. उन्हाळ्यात ढिगाच्या कडेने गोल आळं करून त्यात पाणी भरता येतं.

थोडी वाळू टाकून काळी माती सुधारत नाही. घमेलंभर वाळू आणि चिकण माती एकत्र झाली की उन्हाळ्यात ती विटेसारखी होते. वाळूचा उपयोग व्हायचा तर ती जवळजवळ मातीइतकीच लागते, म्हणजे एका झाडासाठी कितीतरी पोती. त्यापेक्षा दरवर्षी कुजलेलं खत वरून पसरणं स्वस्त पडतं. तीनेक वर्षांत फरक खुरपीलाच कळतो.

बायपासकडच्या नव्या कॉलन्यांत आणखी एक भानगड असते. वरची सहा इंच माती ठेकेदाराने आणून टाकलेली आणि खाली सिमेंट, चुना, विटांचा मलबा. तो निदान दीड फुटापर्यंत काढल्याशिवाय काही लावू नका. मलब्यातल्या चुन्याने माती आणखी अल्कधर्मी होते.

४. आमच्या अंगणात निचरा आहे की नाही हे कसं ओळखायचं?

एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करा. काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि आता घड्याळ लावून मोजपट्टीने बघा. तासाला एक इंचापेक्षा कमी उतरलं तर निचरा वाईट, ढीग करूनच लावा. दोन-तीन इंच उतरलं तर काळजी नाही. पहिल्यांदा भरलेल्या पाण्यावर विसंबू नका. कोरड्या काळ्या मातीला भेगा असतात, पहिलं पाणी त्यांतून घटाघट जातं आणि माणूस फसतो. भेगा मिटल्यावरचं दुसरं पाणी खरं.

५. लावणी कधी करावी?

ढीग करून लावणार असाल तर पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलैमध्यापर्यंत. सपाट जागेत लावायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आमचं मत दुसऱ्या मुहूर्ताकडे झुकतं. माती उबदार असते, पाणी साचत नाही आणि थंडीआधी मुळांना दीड-दोन महिने मिळतात. फेब्रुवारीत लावलं तरी चालतं, पण मग पहिला उन्हाळा पाण्याची पाळी चुकवता येणार नाही. डिसेंबर, जानेवारी आणि मे हे महिने टाळा.

६. पिशवीतलं रोप लावताना मातीचा गोळा फोडायचा की तसाच ठेवायचा?

झाड बघून ठरवा. आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याकडून आलेली बरीच रोपं लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा काळ्या मातीत तसाच ठेवला की मुळं त्यातच गोल गोल फिरत राहतात आणि वर्षभराने रोप हाताने उपटून निघतं. म्हणून जास्वंद, तगर, कण्हेर, कुंती यांचा गोळा पाण्यात बुडवून बाहेरची बोटभर माती सोडवा आणि गोल फिरलेली मुळं उभी कापा.

बोगनवेलीला मात्र हात लावू नका. तिची मुळं काडीसारखी मोडतात. पिशवीला खाली आणि दोन बाजूंनी ब्लेडने चीर द्या, रोप पिशवीसकट जागेवर ठेवा आणि मगच प्लास्टिक ओढून घ्या.

लावल्यावर गोळ्याचा वरचा भाग आजूबाजूच्या मातीच्या बोटभर वर दिसला पाहिजे. खोड मातीत पुरलं की साल कुजते. लावल्या दिवशी दहा लिटर पाणी द्या, खत नको.

७. पाणी किती आणि कधी?

रोज संध्याकाळी पाइपने शिंपडणं ही सगळ्यांत वाईट सवय. वरची दोन इंच माती ओली होते, मुळं पाण्यासाठी वरच येतात आणि मे महिन्यात तिथेच भाजतात. थोड्या वेळा द्या, पण भरपूर द्या.

जमिनीतल्या नव्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी ५ ते ७ लिटर. दोन वर्षांच्या झाडाला एप्रिल ते जून दर पाच-सहा दिवसांनी १५ लिटर, म्हणजे एक मोठी बादली, आळ्यात हळूहळू. हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येत असेल तर झाडांचे दोन गट करून पाळ्या लावा, टाकीवर ताण येत नाही.

घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. बोट दोन पेरं आत घालून माती थंड आणि चिकट लागली तर पाणी नको. काळी माती वरून तडकलेली असली तरी चार इंचांखाली ओली असू शकते. भेगा मोठ्या झाल्या तर पाणी देण्याआधी खुरपीने वरची माती हलवून त्या बुजवा, नाहीतर पाणी भेगेतून थेट खाली जातं आणि मुळं कोरडी राहतात. मार्चअखेर आळ्यात दोन-तीन इंच वाळका पाला पसरा, खोडापासून चार बोटं सोडून.

८. ऑगस्टमध्ये झाडाची पानं मलूल होऊन लोंबतात. पाणी दिलं तरी उठत नाहीत. काय करावं?

पाणी देणं आधी थांबवा. पानं पडणं म्हणजे तहान असं आपण धरून चालतो, पण माती ओली असताना पानं पडली तर मुळं कुजत आहेत. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड ओल्या मातीत तहानलेलं दिसतं.

खोडाजवळची माती चार इंच उकरा. आंबूस वास आला आणि मुळांची साल हाताने ओढताच निसटली तर खात्री झाली. मग त्याच दिवशी झाडापासून उताराकडे वीतभर खोल चर काढा. मुळांचा वरचा भाग दोन दिवस हवेला उघडा ठेवा. फांद्या एक तृतीयांश छाटा, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा भार कमी होईल. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात चार-पाच लिटर पाण्यात मिसळून मुळाशी ओता. निम्मी मुळं पांढरी असतील तर झाड तीन आठवड्यांत नवे कोंब दाखवतं. सगळी तपकिरी असतील तर औषधाचे पैसे वाचवा.

पुढच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला ट्रायकोडर्मा भुकटी घमेलंभर शेणखतात ५० ग्रॅम मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा आणि आळ्यात घाला. पण कॉपर आणि ट्रायकोडर्मा एकत्र देऊ नका. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, कॉपर तिलाही मारतं. मध्ये निदान पंधरा-वीस दिवस जाऊ द्या.

९. बोगनवेल हिरवीगार आहे, दहा फूट वाढली, पण फूल नाही.

चार कारणं, याच क्रमाने तपासा. ऊन सहा तासांपेक्षा कमी. पाणी जास्त. नत्र जास्त, म्हणजे युरिया किंवा सारखं शेणखत. आणि छाटणी चुकीच्या वेळी. इंदुरात बहुतेक वेळा दुसरं कारण निघतं. शेजारच्या गुलाबाबरोबर बोगनवेलीलाही रोज पाणी मिळत असतं.

जूनअखेर लांब फांद्या निम्म्यावर छाटा. सप्टेंबरअखेर नव्या फुटव्यांचे शेंडे खुडा, कारण फुलोरा नव्या फुटीवर येतो. ऑक्टोबरपासून पाणी ताणा, पानं दुपारी जरा मलूल होऊन संध्याकाळी सावरतील इतकंच. तीन-चार आठवड्यांत टोकांना रंगीत पानं दिसू लागली की पाणी पुन्हा नेहमीसारखं सुरू करा, नाहीतर आलेला बहर गळतो. रंगीत पानं म्हणायचं कारण, ज्याला आपण फूल म्हणतो ती पानंच असतात. खरं फूल आत असतं, काडीएवढं, पांढरट.

१०. कोणतं झाड कधी छाटायचं? एकच तारीख सांगा.

एकच तारीख नाही, नियम आहे. नव्या फुटीवर फुलणारं झाड हंगामाआधी छाटायचं, जुन्या काडीवर फुलणारं बहर संपल्यावर.

सावनी: जानेवारीअखेर, पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंत. जास्वंद आणि टिकोमा: फेब्रुवारीच्या मध्यात एक तृतीयांश, आणि जूनमध्ये हलकी. पारिजातक: बहर आटपल्यावर, थंडी उतरताना. कण्हेर: पावसाच्या सुरुवातीला. तगर आणि कुंती: केव्हाही, पण कुंतीला कळ्या दिसत असतील तर थांबा. बोगनवेल: प्रश्न ९.

मोगऱ्याची रीत वेगळी. जानेवारीच्या मध्याला पाणी दहा-पंधरा दिवस तोडा, मग सगळ्या काड्या एक-दीड फुटावर छाटून उरलेली पानंही काढून टाका. झाड बोडकं दिसतं, घरातले ओरडतात. मग माती खुरपून शेणखत द्या आणि पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या.

काप डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर, तिरका. सिकेटर (छाटणीची कात्री) एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसा. अंगठ्याहून जाड कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. डिसेंबर-जानेवारीत जास्वंद छाटू नका, कोवळी फूट थंडीत काळी पडते.

११. पानं पिवळी, शिरा हिरव्या. खत घालूनही फरक नाही.

नवी, शेंड्याची पानं अशी असतील तर लोहाची कमतरता आहे. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी असतील तर नत्राची कमतरता किंवा जास्त पाणी. हा फरक न बघता खत घालू नका.

काळ्या मातीत लोह नसतं असं नाही. मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास असला की लोह झाडाला उचलता येत नाही. एक्झोरा, अनंत आणि कधी जास्वंद यांना हा त्रास होतो, कण्हेर-बोगनवेलीला सहसा नाही. लगेच फरक हवा तर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, ही फवारणी संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. द्रावण ताजं वापरा, तांबूस झालं की फेका. फरशीवर थेंब पडू देऊ नका, डाग जात नाही.

मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड आयर्नच्या पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं बघून घ्या. दुकानात सहज मिळणारं ‘ईडीटीए’ आपल्या मातीत टिकत नाही, ते फवारणीलाच वापरा. एक्झोऱ्याचा हट्टच असेल तर तो कुंडीत लावा.

१२. अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, हाडाचा चुरा, ताक. यातलं काय घालू?

टरफलं नकोत, चुना आपल्या मातीत आधीच उदंड आहे. हाडाच्या चुऱ्यातला स्फुरद (फॉस्फरस) अशा मातीत झाडाला जवळजवळ मिळत नाही, त्यापेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट मूठभर, साधारण ५० ग्रॅम, वर्षातून एकदा. चहाचा चोथा साखर धुऊन, वाळवून, कंपोस्टमध्ये. न धुतलेला टाकला की मुंग्या आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण (प्रश्न १४). ताक कढीला ठेवा.

मोठ्या झुडपाला वर्षाला एवढं पुरे: जूनमध्ये ५ किलो कुजलेलं शेणखत आणि १५० ग्रॅम निंबोळी पेंड, ऑक्टोबरमध्ये २ किलो गांडूळ खत. शेणखत काळं, भुरभुरीत, वास नसलेलं हवं. ओलं, ताजं शेण घातलं की हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वाकलेल्या अळ्या मुळं खातात आणि वरून झाड उगाच सुकल्यासारखं वाटतं.

१३. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात.

गळलेली कळी उभी चिरून बघा. आत बारीक पांढरट अळ्या असतील तर कळीमाशी आहे. गळलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून फेका, मातीत पडू देऊ नका, कारण ती अळी मातीतच कोषात जाते. दोन आठवडे नेमाने केलं तर औषधाविना आटोक्यात येतं. आत काही नसेल तर पाण्याची ओढाताण, मे-जूनची लू किंवा फुलकिडे. फुलकिड्यांनी कळी वाकडी आणि कडा तपकिरी होते, त्यावर पुढच्या प्रश्नातलं निंबोळी तेल चालतं. फूल एका दिवसात मिटतं ही मात्र तक्रार नाही, जास्वंदीचा स्वभाव आहे.

१४. पांढरा कापूस लागलाय. औषध मारलं तरी परत येतो.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेण असतं, नुसतं पाणी किंवा औषध त्यावरून घरंगळतं. आधी जास्त लागलेले शेंडे कापून जाळा (कण्हेरीचे असतील तर जाळू नका, प्रश्न १९). मग पाण्याची जोरदार धार मारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली भांड्यांचा द्रवसाबण घोटून पानांच्या खालून फवारा. सात दिवसांनी पुन्हा, आणखी सात दिवसांनी पुन्हा. एकदा मारून सोडलं की अंड्यांतून नवी पिढी येते, म्हणून ‘परत’ येतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात.

पावसाळ्यात तगरीवर अंगठ्याएवढी हिरवी, डोक्यापाशी दोन निळे डोळे असलेली अळी दिसली तर हाताने काढून दूर सोडा. ती पतंगाची अळी आहे. पानं खाते, झाड मारत नाही.

१५. गमल्यात बागेतलीच माती भरली. पाणी घातलं की बाजूने निघून जातं, रोप सुकतं.

काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. तिथे बोट जाईल एवढी फट पडते. पाणी त्या फटीतून खाली जातं, मधला गोळा कोरडा. तात्पुरता उपाय म्हणजे कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवणं आणि फटीत गांडूळ खत ठासणं. कायमचा उपाय माती बदलणं: काळी माती १ भाग, कुजलेलं खत १ भाग, जाड वाळू किंवा बारीक मुरूम १ भाग, कोकोपीट अर्धा भाग, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. बोगनवेलीसाठी कोकोपीट वगळा.

कुंडी १२ इंचांपेक्षा लहान नको, जास्वंद आणि कण्हेरीला १४ ते १६. ओली १४ इंची कुंडी तीस-पस्तीस किलोच्या घरात जाते, तेव्हा गच्चीवर त्या मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेने, विटांवर ठेवा. दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत गोळा काढून बाहेरची एक चतुर्थांश मुळं कापून नवी माती भरा.

१६. आरओचं वाया जाणारं पाणी किंवा बोअरचं पाणी चालेल?

दोन्हींत क्षार जास्त. कण्हेर, बोगनवेल, टिकोमा यांना नर्मदेच्या पाण्यात अर्धं मिसळून चालतं. अनंत, एक्झोरा, मोगरा आणि कुंड्यांना नको. कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांची टोकं जळलेली दिसली तर क्षार साचलेत. पावसाचं पाणी कुंडीच्या आकाराच्या दुप्पट ओतून ते खालून वाहू द्या.

१७. जुन्या वाड्याच्या चौकात तीनच तास ऊन येतं. काय लावू?

तगर, कुंती, अबोली. कुंतीला फुलं कमी येतील, पण पानं देखणी राहतात. बोगनवेल, टिकोमा, सावनी यांचा विचार सोडा.

१८. जानेवारीत सावनीची सगळी पानं गळली. मेली का?

नाही, ती हिवाळ्यात झोपते. नखाने साल थोडी खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, छाटणी प्रश्न १० प्रमाणे. कडाक्याच्या थंडीत जास्वंदीची पानंही पिवळी होऊन गळतात, तेव्हा खत देऊ नका. फेब्रुवारीत आपोआप सावरते.

१९. कण्हेर आणि बिट्टी खरंच विषारी आहेत? देवाला तर रोज वाहतो.

खरंच आहेत. दोन्हींचा प्रत्येक भाग, पान, फूल, चीक, बी, हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाने भरलेला आहे. बिट्टीचं फळ सगळ्यांत धोक्याचं, कारण मुलं त्यातल्या कठीण बियांशी खेळतात. वाळल्यावरही विष राहतं. फुलं वाहायला हरकत नाही, पण हात धुवा आणि ती तीर्थाच्या भांड्यात पडू देऊ नका. छाटलेल्या फांद्या जाळू नका, धूर घातक असतो. गाई-शेळ्यांपुढे, रस्त्याकडेला टाकू नका. छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा. कोणी चावून खाल्लं तर घरगुती उपाय करत न बसता, झाडाची फांदी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

घाणेरीची कच्ची, हिरवी फळं आणि गुरांनी खाल्लेली तिची पानंही विषारी. पाळण्याच्या वयाचं मूल घरात असेल तर ही तिन्ही झाडं सोडून जास्वंद लावावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

२०. रातराणीमुळे साप येतात का?

वासाने साप येत नाहीत. गच्च झुडपाखाली उंदीर, बेडूक असतात, त्यांच्यामागे साप येतो. मग झुडूप रातराणीचं असो की कुंतीचं. खालच्या दीड फुटातल्या फांद्या काढून बुंधा मोकळा ठेवा, पाल्याचा ढीग करू नका. खिडकीपासून मात्र दहा-बारा फूट दूर लावा, बऱ्याच जणांचं त्या वासाने डोकं दुखतं.

२१. हायब्रीड पिवळी जास्वंद आणली होती, आता लाल साधी फुलं येतात. फसवलं का?

बहुधा नाही. हायब्रीड जास्वंदीचं कलम देशी लाल जास्वंदीवर बांधलेलं असतं. कलमाच्या गाठीखालून फुटलेला कोंब देशी आणि जोमदार, तो वरच्याला मारून टाकतो. जमिनीपासून वीतभरात गाठ शोधा आणि तिच्याखालचे सगळे कोंब बुडापासून ओढून काढा, नुसते कापले तर परत फुटतात. लावतानाही गाठ मातीवर राहील असं बघा. बोगनवेलीवर पांढरा आणि राणी असे दोन रंग एकाच वेलीवर येत असतील तर मात्र काढू नका, मेरी पामर जातीचा तो गुणच आहे.

२२. फांदीपासून रोप कसं करायचं?

जुलै-ऑगस्ट किंवा फेब्रुवारीअखेर. पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना कोवळी ना लाकडासारखी, सहा ते आठ इंचांची काडी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सपाट, म्हणजे उलटी लावली जात नाही. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकी काढा. चीक येणाऱ्या काड्या तासभर सावलीत ठेवून मग लावा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, दोन डोळे आत. सावलीत, ओलसर, चिखल नको. तगर, कण्हेर, जास्वंद चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात, बोगनवेल थोडा वेळ घेते आणि दहांतल्या तीन-चार जगल्या तरी ठीक समजा. ओढून बघण्याचा मोह आवरा. कुंती आणि पारिजातक बियांपासून सोपे. पारिजातकाच्या चपट्या, वाळलेल्या बोंडात दोन बिया असतात.

२३. मे महिन्यात पंधरा-वीस दिवस पुण्याला जातो. झाडांचं काय?

जमिनीतल्या, दोन वर्षांवरच्या झाडांना निघायच्या आदल्या दिवशी दोन बादल्या पाणी आणि चार इंच पाला. कण्हेर, बोगनवेल, टिकोमा एवढ्यावर निभावतात. बाकीच्यांसाठी शेजाऱ्यांना आठवड्यातून एक फेरी मारायला सांगा, आणि ‘रोज थोडं’ नाही, ‘आठवड्याला एक बादली’ असं चिठ्ठीवर लिहून ठेवा.

कुंड्या गच्चीवरून उतरवून पूर्वेच्या भिंतीला एकमेकींना खेटून ठेवा, कळ्या-फुलं खुडा, फांद्या एक चतुर्थांश छाटा. वीस लिटरच्या बादलीतून जाड सुती दोरीची वात कुंडीच्या मातीत चार इंच खोल नेली तर एक-दोन कुंड्या आठवडाभर तग धरतात, बादली कुंडीपेक्षा उंच ठेवा. ही वात निघायच्या चार दिवस आधी लावून चालते का ते बघा, कारण नवी कोरडी दोरी पाणी ओढत नाही. आधी ती उकळून घ्यावी लागते.